गोल्फचा हँडिकॅप : आकडा स्वस्त, दार महाग

गल्लीतल्या खेळात लहान पोराला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो आउट झाला तरी आउट नसतो. गोल्फमध्येही कच्च्या खेळाडूला सवलत असते, फक्त ती दशांशापर्यंत मोजून मिळते आणि तिच्यासाठी सही केलेलं स्कोअरकार्ड, संगणकातली नोंद आणि वर्षाची फी लागते. या सवलतीचं नाव हँडिकॅप. कंपनीच्या टुर्नामेंटच्या फॉर्मवर ही चौकट रिकामी सोडावी लागलेले साहेब, मुलीला गोल्फ शिकायला घातलेले आईवडील, लंडनला किंवा न्यू जर्सीला गेल्यावर सहकाऱ्यांच्या नादाने खेळायला लागलेले आपले लोक, या सगळ्यांचा प्रश्न एकच: हा आकडा मिळतो कसा आणि त्याला पडतात किती?

उत्तर आधीच सांगून टाकतो. आकडा काढायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. तो अधिकृत करायला मात्र मान्यताप्राप्त क्लब लागतो, आणि आपल्याकडे सगळा खर्च त्या क्लबच्या दारात आहे. त्यामुळे सुरुवातीला हिशेब वहीत ठेवा. अधिकृत आकड्यावाचून अडेल तेव्हा पाकीट काढा.

आकडा काय सांगतो

१८ होलच्या मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटके, बहुतेक ठिकाणी ७२ च्या आसपास असतो. तुमचा हँडिकॅप २४ असेल आणि तुम्ही ९६ फटक्यांत राउंड संपवलात, तर नेट स्कोअर ७२. सोबतच्याचा हँडिकॅप ८ आणि त्याने मारले ८२, म्हणजे नेट ७४. चौदा फटके जास्त मारूनही सामना तुमचा. साठीतले सासरे आणि तिशीतला जावई बरोबरीने लढू शकतात असे खेळ फार नाहीत. गोल्फ त्यातला एक आहे तो या वजाबाकीमुळे.

२०२० च्या आधी जगात हँडिकॅपच्या सहा मोठ्या पद्धती होत्या. अमेरिकेची एक, ब्रिटन-आयर्लंडची दुसरी, शिवाय युरोप, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना यांच्या आपापल्या. जानेवारी २०२० पासून अमेरिकेची युएसजीए आणि स्कॉटलंडमधली आर अँड ए या दोन संस्थांनी मिळून ‘वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम’ आणली. भारतात ती इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली चालते. या पद्धतीत हँडिकॅप इंडेक्सची वरची मर्यादा ५४.० आहे, पुरुषांना आणि बायकांना सारखीच. म्हणजे प्रत्येक होलला तीन फटक्यांची सूट मिळू शकते. तेव्हा ‘माझा खेळ इतका वाईट आहे की हँडिकॅपच मिळणार नाही’ ही भीती सोडून द्या.

दुसरा समज मात्र जुने मेंबरही बाळगून असतात: हँडिकॅप म्हणजे सरासरी. तसं नाही. शेवटच्या २० राउंडमधले सर्वांत चांगले ८ घेऊन त्यांची सरासरी काढतात. उरलेले १२ बाजूला पडतात. म्हणजे हा आकडा तुमच्या चांगल्या दिवसाचा आहे, रोजच्या दिवसाचा नाही. चार-पाच राउंडमध्ये एखाद्या वेळी हँडिकॅपइतका खेळ झाला तर सगळं ठीक चाललंय असं समजा. हे माहीत नसल्यामुळे लोक तीन रविवार वाईट गेले की नवा ड्रायव्हर विकत घेतात. दुकानदाराचं भलं होतं, हँडिकॅप जागच्या जागी राहतो.

वहीतला हिशेब

स्कोअरकार्डवर पारशिवाय आणखी दोन आकडे शोधा: कोर्स रेटिंग आणि स्लोप. तरबेज, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला त्या मैदानावर साधारण किती फटके लागावेत, ते कोर्स रेटिंग सांगतं. त्याच्या तुलनेत साधारण खेळाडूची किती जास्त दमछाक होते, ते स्लोप सांगतो. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो आणि ११३ हा प्रमाण धरलेला आहे. दोन्ही आकडे टीच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेच्या, रंगाप्रमाणे बदलतात, पुरुष आणि स्त्रियांसाठीही वेगळे असतात. निळ्या टीवरून खेळून पांढऱ्या टीचा आकडा धरला की पुढचं सगळं गणित चुकतं.

आता एक नवखा खेळाडू घेऊ. मैदानाचा पार ७२, कोर्स रेटिंग ७०.६, स्लोप १२४. पहिल्या राउंडला त्याचे १०४ झाले. त्यात एका पार-४ होलवर त्याने बंकरमध्ये घाम गाळून १२ घेतले होते. हँडिकॅपसाठी ते १२ जसेच्या तसे मोजत नाहीत. ज्याचा इंडेक्स अजून बनलेला नाही, त्याला एका होलवर जास्तीत जास्त पार अधिक ५ धरतात, इथे ९. तीन फटके कमी झाले, दुरुस्त स्कोअर १०१. पुढच्या दोन राउंडचे दुरुस्त स्कोअर ९८ आणि १०३ आले असं समजू.

सूत्र असं: दुरुस्त स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करा, उत्तराला ११३ ने गुणा आणि स्लोपने भागा. येतं त्याला ‘स्कोअर डिफरन्शियल’ म्हणतात.

पहिला राउंड: १०१ − ७०.६ = ३०.४; × ११३ ÷ १२४ = २७.७
दुसरा राउंड: ९८ − ७०.६ = २७.४; × ११३ ÷ १२४ = २५.०
तिसरा राउंड: १०३ − ७०.६ = ३२.४; × ११३ ÷ १२४ = २९.५

अधिकृत संगणक आणखी एक दुरुस्ती करतो. त्या दिवशी वाऱ्यापावसाने सगळ्यांचेच स्कोअर बिघडले, किंवा मैदान फारच सोपं गेलं, तर उणे १ ते अधिक ३ एवढा फरक तो आपण होऊन धरतो. वहीत तो शून्य धरा.

पहिला इंडेक्स मिळायला ५४ होल पुरतात; १८ होलचे तीन राउंड किंवा ९ होलचे सहा, कसेही. तीनच डिफरन्शियल असतील तर सर्वांत लहान घ्यायचा आणि त्यातून २ वजा करायचे. आपल्या गड्याचा इंडेक्स झाला २३.०. चौथा राउंड झाला की लहानात लहान उणे १. पाच झाले की लहानात लहान तसाच. सहाव्याला लहान दोघांची सरासरी उणे १, सात-आठला लहान दोघांची सरासरी. तिथून पुढे घ्यायचे स्कोअर हळूहळू वाढत जाऊन विसाव्या राउंडला आठावर येतात. एकविसावा आला की सर्वांत जुना गळतो.

एकदा इंडेक्स हातात आला की एका होलवरची मर्यादाही बदलते: पार अधिक २ अधिक त्या होलवर मिळणारी सूट. सूट कुठल्या होलवर मिळणार ते कार्डावरच्या ‘स्ट्रोक इंडेक्स’च्या रकान्यात लिहिलेलं असतं. मैदानाने तुम्हाला २४ दिले असतील तर प्रत्येक होलला एक, आणि १ ते ६ स्ट्रोक इंडेक्सच्या होलना आणखी एक. म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ३ असलेल्या पार-४ वर तुमची मर्यादा ४ + २ + २ = ८. तिथे तुम्ही अकरा मारा नाहीतर पंधरा, नोंद ८ चीच.

इंडेक्स खिशातला, हँडिकॅप मैदानाचा

२३.० हा आकडा घेऊन थेट खेळायला उतरायचं नसतं. तो आधी त्या दिवसाच्या मैदानावर उतरवून घ्यावा लागतो: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. वरच्याच मैदानावर २३.० चे होतात २३.८, म्हणजे पूर्णांकात २४. हाच खेळाडू पार ७२, रेटिंग ७२.८ आणि स्लोप १३५ अशा अवघड मैदानावर गेला तर त्याला २८ मिळतील. पार ७०, रेटिंग ६८.१, स्लोप १०८ अशा मवाळ मैदानावर २०. माणूस तोच, इंडेक्स तोच, आणि सुटीत आठ फटक्यांचा फरक. पाहुणे म्हणून गेलात आणि यजमानाने विचारलं ‘कितीचा?’, तर इंडेक्स सांगा. त्या मैदानाचा आकडा पहिल्या टीजवळच्या तक्त्यावरून किंवा अॅपमधून काढून घ्या.

स्पर्धेत याचीही थोडी काटछाट होते. एकट्याने खेळायच्या स्ट्रोक प्लेमध्ये ९५ टक्के धरायची शिफारस आहे, म्हणजे २४ चे २३. दोघांच्या मॅच प्लेमध्ये पूर्ण धरतात आणि फरक तेवढा देतात: ९ आणि २३ असे दोघे असतील तर दुसऱ्याला सर्वांत अवघड चौदा होलवर एकेक फटका.

खर्च कुठे लागतो

पुढचे रुपयांतले आकडे ढोबळ आहेत. शहर, वार आणि क्लब यांप्रमाणे ते सहज निम्मे-दुप्पट होतात, वर जीएसटी असतो. त्यांचा उपयोग तुमचं स्वतःचं गणित मांडण्यापुरता.

पहिला अधिकृत इंडेक्स म्हणजे किमान तीन पूर्ण राउंड. समजा ग्रीन फी २,०००, कॅडी ६००, आणि झाडीत-पाण्यात गेलेल्या चेंडूंचे ३००. एका राउंडचे २,९००, तिनाचे ८,७००. वीस राउंडचा पूर्ण पट भरायचा तर याच भावाने ५८,०००. त्यातले आठच मोजणार, पण पैसे विसांचे जाणार. शहरातल्या नावाजलेल्या क्लबात पाहुण्याची शनिवार-रविवारची फी याच्या कितीतरी पुढे जाते, आणि अनेक ठिकाणी मेंबरचं बोट धरल्याशिवाय फी भरूनही आत जाता येत नाही.

चेंडूंवर मात्र हमखास बचत होते. पाण्यातून काढलेले जुने चेंडू नव्याच्या अंशमात्र किमतीत मिळतात, आणि २३ च्या हँडिकॅपला दोन्हींतला फरक कळण्याची शक्यता कमी. काठ्यांचा पूर्ण सेटही पहिल्या वर्षी लागत नाही. वापरलेला अर्धा सेट पुरतो. उरलेले पैसे शिकवणीवर आणि पटिंगच्या सरावावर घाला. आठ चांगले राउंड बहुधा ग्रीनवर वाचवलेल्या दोन-तीन फटक्यांतून निघतात.

२०२४ पासून एक नियम अल्पखर्ची माणसाच्या बाजूचा झाला आहे. पूर्वी ९ होलचा राउंड दुसऱ्या ९ होलच्या राउंडची वाट बघत पडून राहायचा. आता उरलेल्या नऊ होलवर तुमच्या इंडेक्सच्या माणसाकडून जे अपेक्षित आहे ते जोडून लगेच १८ चा डिफरन्शियल बनतो. सकाळी ऑफिसच्या आधी नऊ होल खेळणाऱ्याचा पट आता चांगला भरतो.

मोठा खर्च खरा क्लबचा. अधिकृत इंडेक्स राष्ट्रीय संघटनेशी संलग्न क्लबच्या मार्फत येतो. हँडिकॅपची स्वतःची वार्षिक फी क्लबच्या बिलात शोधावी लागेल इतकी लहान असते. तिच्या आधी असलेलं प्रवेश शुल्क मुंबई-पुण्यात काही लाखांपासून सुरू होतं, आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं हलत नाही असे क्लबही आहेत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, महालक्ष्मीजवळचा विलिंग्डन, येरवड्याचा पूना क्लब गोल्फ कोर्स ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण तिथला मेंबर होणं हा हँडिकॅप मिळवण्याचा मार्ग नव्हे. ते वेगळं सामाजिक प्रकरण आहे. फक्त आकड्यासाठी तिकडे पैसे घालू नका. सिडकोने नवी मुंबईत काढलेल्या खारघर व्हॅलीसारख्या मैदानावर फी भरून कोणालाही खेळता येतं. खेळ तिथे चालू ठेवा आणि अधिकृत नोंदीसाठी थोड्या मुदतीची, कनिष्ठ वयोगटाची किंवा कंपनीमार्फतची मेंबरशिप कुठे मिळते ते शोधा. लष्करी सेवेतल्यांचं आणि निवृत्तांचं नशीब इथे चांगलं आहे. छावण्यांतल्या मैदानांवर त्यांना पुष्कळ कमी पैशांत खेळता येतं.

‘हँडिकॅप देतो’ म्हणणारी फोनवरची अॅप्स पुष्कळ आहेत. वहीऐवजी ती वापरायला हरकत नाही. पण त्यातला आकडा अधिकृत नोंदीशी जोडलेला नसेल तर टुर्नामेंटच्या टेबलावर त्याला किंमत नाही. जोडलेला आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

परदेशातल्यांची चैन

इंग्लंडमध्ये हाच आकडा क्लबचा मेंबर न होता मिळतो. इंग्लंड गोल्फने २०२१ मध्ये ‘आयगोल्फ’ नावाची योजना काढली, तेव्हा वर्षाची वर्गणी ४० पौंड होती. नंतर ती थोडी चढली. अमेरिकेत राज्याच्या संघटनेतून किंवा मैदान नसलेल्या, फक्त कागदावरच्या क्लबमधून साधारण ३० ते ६० डॉलरमध्ये वर्षभराचा अधिकृत इंडेक्स घेता येतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाने वहीचा खटाटोप करूच नये. पहिल्याच हंगामात नोंदणी करावी. इकडच्या माणसाला मात्र सल्ला उलटा.

कोणते राउंड चालतात

एकट्याने खेळलेला राउंड नोंदीला चालत नाही. सोबत किमान एक माणूस हवा. राउंड नियमांप्रमाणे खेळलेला असावा. पहिला फटका झाडीत गेला म्हणून मित्राच्या परवानगीने दुसरा मारला, तरी मोजायचा पहिलाच. ‘घे रे, एवढा तर जातोच’ म्हणून सोडलेला होलजवळचा फटका मॅच प्लेमध्ये चालतो, आणि नोंद करताना तिथे बहुधा किती लागले असते ते धरतात. मैदानाला अधिकृत रेटिंग नसेल तर तिथल्या सुंदर राउंडचा नोंदीला काही उपयोग नाही. स्कोअर त्याच दिवशी टाका. रात्रीत हिशेब होऊन सकाळी नवा इंडेक्स दिसतो.

चांगलेही आणि वाईटही, सगळे राउंड टाकायचे असतात. फक्त वाईट टाकून हँडिकॅप फुगवणाऱ्याला क्लबात ‘सँडबॅगर’ म्हणतात आणि बक्षीस समारंभात त्याच्याकडे कसं बघतात ते एकदा बघावं. पद्धतीनेही बंदोबस्त केला आहे. एखादा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७ ते ९.९ ने चांगला आला तर इंडेक्समधून आणखी १ कापतात. १० किंवा जास्त असेल तर २. वाढीलाही लगाम आहे: मागच्या ३६५ दिवसांतल्या सर्वांत खालच्या इंडेक्सपेक्षा ३ ने वर गेलात की पुढची वाढ निम्मीच मोजतात, आणि ५ च्या वर जाऊच देत नाहीत. वरून हँडिकॅप कमिटी असतेच.

याचा दुसरा भाऊ जास्त आढळतो आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं: मिरवायला हँडिकॅप कमी ठेवणारा. वाईट राउंड टाकायचे टाळून तो १४ चा दाखवतो, खेळतो २१ चा. हा फसवतो फक्त स्वतःला, पण दर रविवारी नाश्त्याच्या पैजेचं बिल त्याच्याच नावावर फाटतं. वर्षाअखेर बेरीज केली तर हँडिकॅपच्या फीपेक्षा ती रक्कम मोठी निघेल.

पैसे भरण्याआधी

अधिकृत आकड्यावाचून अडतं ते तीन प्रसंगी: क्लबच्या किंवा आंतरक्लब स्पर्धेत उतरायचं असेल, मूल कनिष्ठ गटाच्या स्पर्धांकडे वळत असेल, किंवा परदेशातल्या नावाजलेल्या मैदानावर खेळायचं असेल. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर हँडिकॅपचा दाखला मागतात, आणि तो ३६ पर्यंतचा असावा लागतो. चार मित्रांतल्या रविवारच्या खेळाला आणि बहुतेक कंपनी टुर्नामेंटना वहीतला आकडा पुरतो. आयोजकाला फोन करून ‘अनौपचारिक हँडिकॅप चालेल का, चालत नसेल तर किती धरणार’ एवढं विचारा.

क्लबला विचारायचं ते असं. हँडिकॅपची वार्षिक फी मेंबरशिपमध्ये धरलेली आहे की वेगळी? इतर मैदानांवरचे राउंड मला स्वतः अॅपवरून टाकता येतात का, की कार्ड ऑफिसात आणून द्यावं लागतं? नऊ होलचे राउंड स्वीकारता का? मेंबरशिप मध्येच सोडली तर माझी जुनी नोंद दुसऱ्या क्लबकडे जाते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच हवं, कारण नोंद खेळाडूची असते. आणि दाखला परदेशी न्यायचा असेल तर निघण्याच्या आठवड्यात नवा काढा. कुठल्या तारखेचा इंडेक्स आहे ते त्यावर छापलेलं असतं आणि स्टार्टर आधी तेच बघतो.